दोन नोटा, एक सही
(अर्थशास्त्राचा अभ्यासलेख : बडोद्याचे डॉ. इंद्रप्रसाद पटेल)



मागच्या सत्रात नववीच्या वर्गात आम्ही 'पैसा आणि बँका' हा धडा घेत होतो. घरी जुन्या नोटा असतील तर घेऊन या, असे सांगितले होते. एका विद्यार्थ्याने आजोबांच्या पत्र्याच्या डबीतून दोन नोटा आणल्या. एक होती १९६९ सालची, गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त निघालेली एक रुपयाची नोट. दुसरी होती दहा रुपयांची, तिच्यानंतरच्या काळातली. वर्गात भिंग फिरले, नोटा हातोहाती गेल्या आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "दोन्ही नोटांवर एकच सही कशी? एकीवर 'भारत सरकार' लिहिले आहे आणि दुसरीवर 'रिझर्व्ह बँक'!"

प्रश्न अगदी बरोबर होता. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते, ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर अर्थ मंत्रालयाच्या सचिवांची सही असते. दोन रुपयांपासून वरच्या नोटा रिझर्व्ह बँक काढते आणि त्यांवर बँकेच्या गव्हर्नरांची सही असते. ही दोन्ही पदे एकाच व्यक्तीने वेगवेगळ्या वेळी सांभाळली तर दोन्ही नोटांवर तीच सही दिसणार. त्या दोन्ही नोटांवर सही होती डॉ. आय. जी. पटेल यांची.

आम्ही पुढे सांगितले, "हे पटेल आपल्या बडोद्याचे." तेव्हा वर्ग जरा सरसावून बसला. मग एक मुलगी म्हणाली, "सर, गव्हर्नर म्हणजे राज्यपाल ना?" सगळे हसले. पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण मराठीत आपण दोन अगदी वेगळ्या पदांना एकच इंग्रजी शब्द वापरतो. राज्यपाल हा राज्याचा घटनात्मक प्रमुख. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर हा देशाच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख. तो राजभवनात राहत नाही. मुंबईतल्या मुख्य कार्यालयात बसून तो देशातील पैसा, व्याज आणि बँका यांच्याकडे लक्ष ठेवतो.

त्या दिवशी तास संपला, पण विषय संपला नाही. म्हणून हा लेख.

गव्हर्नर काय करतो?

आधी थोडी उजळणी करू. रिझर्व्ह बँकेची स्थापना १ एप्रिल १९३५ रोजी झाली. सुरुवातीला ती भागधारकांची बँक होती. १ जानेवारी १९४९ रोजी तिचे राष्ट्रीयीकरण झाले. तिची मुख्य कामे अशी : नोटा काढणे, सरकारचे खाते सांभाळणे, इतर बँकांवर देखरेख ठेवणे, परकीय चलनाची गंगाजळी राखणे आणि महागाई हाताबाहेर जाऊ न देणे.

यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. ते कसे होते, हे एका सोप्या हिशेबाने पाहू. समजा, तुमच्या वडिलांनी बँकेत १०० रुपये ठेवले. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की प्रत्येक बँकेने ठेवींचा काही भाग आपल्याकडे राखून ठेवावा. हा भाग १० टक्के धरू. म्हणजे बँक १० रुपये बाजूला ठेवील आणि ९० रुपये कर्जाऊ देईल. कर्ज घेणारा ते दुकानदाराला देईल, दुकानदार ते आपल्या बँकेत भरील. ती बँक ९ रुपये राखून ८१ कर्ज देईल. असे करत करत मूळच्या १०० रुपयांतून बँकांमध्ये एकूण १,००० रुपयांच्या ठेवी उभ्या राहू शकतात. आता रिझर्व्ह बँकेने राखीव भाग २० टक्के केला तर? त्याच १०० रुपयांतून फक्त ५०० रुपयांच्या ठेवी होतील. एक नोटही परत न घेता बाजारातला पैसा कमी झाला! व्याजाचा दर वाढवला तरीही कर्ज घेणारे कमी होतात आणि परिणाम तसाच होतो.

हे सूत्र कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात पैसा फार आवळला तर कारखाने आणि धंदे अडतात. फार सैल सोडला तर भाव वाढतात. किती आवळायचे आणि कधी सैल करायचे, याचा निर्णय ज्याला घ्यावा लागतो तो गव्हर्नर.

बडोद्यातली सुरुवात

इंद्रप्रसाद गोरधनभाई पटेल यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९२४ रोजी बडोद्यात झाला. त्या वेळी येथे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे राज्य होते. आपल्या शहराची ती पार्श्वभूमी लक्षात घ्या. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानात लागू केले. १९०८ साली त्यांच्या पुढाकाराने बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. पुढे गावोगावी ग्रंथालये निघाली. राजा मराठी बोलणारा, प्रजा बहुतेक गुजराती बोलणारी; पण शाळा, ग्रंथालय आणि बँक या तिन्ही गोष्टी सर्वांसाठी. अशा गावात हा मुलगा वाढला.

त्या काळी येथील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा देत. पटेल त्या परीक्षेत पहिले आले. मुंबई विद्यापीठातूनच बी.ए. झाल्यावर ते इंग्लंडला केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेले. विसाव्या शतकातील सर्वांत प्रभावी अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचे हे कॉलेज. केन्स १९४६ साली वारले, पण त्यांच्या विचारांचा दबदबा तेथे पुढेही होता. मंदीच्या काळात सरकारने खर्च वाढवून रोजगार निर्माण करावा, हा केन्स यांचा मुख्य विचार तुम्ही अकरावीत शिकाल. पटेलांनी तेथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

येथे आपल्या माहितीतल्या आणखी एका मराठी माणसाची आठवण येते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रायगडाजवळच्या नाते गावचे. तेही १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिले आले होते आणि तेही केंब्रिजला गेले होते. मात्र त्यांनी तेथे वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि पुढे आय.सी.एस. होऊन सरकारी नोकरीत आले. म्हणजे गव्हर्नरपदाकडे जाणाऱ्या वाटा दोन. एक प्रशासनातून जाणारी, देशमुखांची. दुसरी अर्थशास्त्राच्या अभ्यासातून जाणारी, पटेलांची. बँकेच्या इतिहासात दोन्ही वाटांनी आलेली माणसे दिसतात.

प्राध्यापक, मग सरकारी सल्लागार

१९४९ साली पटेल परत आले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली होती. पटेल बडोदा कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. घुमटाची ती इमारत तुम्ही रोज येता-जाता पाहता. प्राचार्य झाले तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आतबाहेर होते. आज आपल्याकडे त्या वयात मुले स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरत असतात.

पण ते येथे फार काळ राहिले नाहीत. १९५० साली ते वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या संशोधन विभागात गेले. नाणेनिधी म्हणजे देशांची जणू पतपेढी. सभासद देश वर्गणी भरतात आणि एखाद्या देशाकडे परकीय चलन कमी पडले तर निधी त्याला कर्ज देतो, पण अटी घालून. ही संस्था आतून पाहिलेली असणे पटेलांना पुढे तीस वर्षांनी उपयोगी पडणार होते.

१९५४ साली ते भारत सरकारच्या अर्थ मंत्रालयात उपआर्थिक सल्लागार म्हणून आले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे ते दिवस. १९६०च्या दशकात ते दोन वेळा मुख्य आर्थिक सल्लागार झाले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, तेव्हा ते याच पदावर होते. त्या दिवशी डॉलरची किंमत ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाली. हिशेब करून पाहा : परदेशातून १०० डॉलरचे यंत्र आणायला आदल्या दिवशी ४७६ रुपये लागत होते, आता ७५० लागू लागले. उलट आपला माल परदेशी लोकांना स्वस्त झाला, म्हणून निर्यात वाढावी, हा हेतू. पण लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला, अपेक्षेइतकी परकीय मदत टिकली नाही आणि निर्णयावर चहूकडून टीका झाली. अर्थशास्त्रातले सूत्र बरोबर असूनही पाऊस त्याला साथ देईलच असे नाही, हा धडा त्या पिढीतल्या सर्वांना मिळाला.

चोवीस तासांचे काम

जुलै १९६९. पटेल तेव्हा अर्थ मंत्रालयात आर्थिक व्यवहार पाहत होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांना बोलावून घेतले. पटेलांनी पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही भेट सांगितली आहे. राजकीय कारणांसाठी बँकांचे राष्ट्रीयीकरण करायचे ठरले आहे, असे पंतप्रधानांनी त्यांना सांगितले. चोवीस तासांत विधेयकाचा मसुदा, मंत्रिमंडळासाठी टिपण आणि रेडिओवरचे भाषण तयार हवे होते आणि बातमी फुटता कामा नये, ही अट होती.

अशा वेळी अधिकाऱ्याने काय करावे? हा निर्णय व्हावा की नाही, हे त्यांना विचारलेच नव्हते. ते ठरून गेले होते. पटेलांनी दोनच गोष्टी सुचवल्या. परदेशी बँकांना यातून वगळावे आणि लहान बँकांनाही वगळावे. दोन्ही सूचना मान्य झाल्या. १९ जुलै १९६९ रोजी वटहुकूम निघाला आणि ५० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारी झाल्या. त्यांत बँक ऑफ महाराष्ट्र होती आणि आपली बँक ऑफ बडोदाही होती. ज्या गावात पटेल जन्मले त्या गावाच्या बँकेची मालकी बदलणारा कागद तयार करण्याचे काम त्यांच्याच वाट्याला आले.

पुढे फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, तेव्हा सरकारला नव्याने वटहुकूम काढावा लागला. घाईत केलेले काम न्यायालयात कसे तपासले जाते, तेही यातून शिकण्यासारखे आहे.

१९७२ साली पटेल न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे उपप्रशासक म्हणून गेले. तेथे पाच वर्षे काढली. मग दिल्लीत सरकार बदलले आणि त्यांना मुंबईला बोलावणे आले.

संक्रांतीची नोटाबंदी

१ डिसेंबर १९७७ रोजी पटेल रिझर्व्ह बँकेचे चौदावे गव्हर्नर झाले. मोरारजी देसाई पंतप्रधान होते आणि एच. एम. पटेल अर्थमंत्री. पद घेऊन दीड महिना होतो न होतो तोच पहिली कसोटी आली.

सरकारने १,०००, ५,००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द करायचे ठरवले. हेतू होता काळ्या पैशाला आळा घालण्याचा. १४ जानेवारी १९७८ रोजी, बडोद्याच्या गच्च्यांवर उत्तरायणाचे पतंग उडत असताना, रिझर्व्ह बँकेच्या एका अधिकाऱ्याला मुंबईहून दिल्लीला बोलावले गेले आणि वटहुकुमाचा मसुदा करायला बसवले गेले. १६ जानेवारीच्या पहाटे तो राष्ट्रपतींच्या सहीसाठी गेला आणि सकाळी नऊच्या आकाशवाणीच्या बातम्यांत देशाला कळले. दुसऱ्या दिवशी बँका बंद राहिल्या.

गव्हर्नर पटेल या निर्णयाच्या बाजूचे नव्हते. त्यांनी ते अर्थमंत्र्यांना सांगितलेही. त्यांचा युक्तिवाद साधा होता. लाचेचा किंवा करचुकवेगिरीचा पैसा लोक फार दिवस नोटांच्या रूपात ठेवत नाहीत. त्याची जमीन होते, सोने होते, दुसऱ्याच्या नावावरची मालमत्ता होते. काळा पैसा सुटकेसमध्ये किंवा उशीच्या अभ्र्यात भरून ठेवलेला असतो, ही समजूत भाबडी आहे. शिवाय थोड्याफार नोटा असल्या तरी त्या माणसांकरवी बदलून घेता येतात. हा निर्णय आधीच्या राजवटीतील माणसांविरुद्ध आहे असा समज होईल, अशीही शंका त्यांना होती.

तरीही नोटा रद्द झाल्या. येथे कायदा काय म्हणतो ते पाहा. रिझर्व्ह बँक कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे सरकार, गव्हर्नरांशी विचारविनिमय करून, सार्वजनिक हितासाठी बँकेला आदेश देऊ शकते. मग वटहुकुमाची तर गोष्टच वेगळी, तो सरकारचाच. गव्हर्नरांनी आपले मत मांडले, ते मानले गेले नाही. मग त्यांनी काउंटरवरच्या रांगा, अर्जांची तपासणी आणि नोटांचा हिशेब हे काम बँकेकडून चोख करून घेतले.

वर्गात यावर बराच वाद झाला. काही जण म्हणाले, "मत पटत नव्हते तर राजीनामा द्यायला हवा होता." काही म्हणाले, "राजीनामा दिला असता तर नोटा बदलायला आलेल्या लोकांचे काय झाले असते?" आम्ही दोन्ही बाजू फळ्यावर लिहून ठेवल्या. देशमुखांचे उदाहरण येथे पुन्हा आठवते. ते १९५६ साली केंद्रात अर्थमंत्री असताना मुंबईच्या प्रश्नावर, म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर, त्यांनी मंत्रिपद सोडले. म्हणजे राजीनामा देणारे देशमुख आणि विरोध सांगून काम पुरे करणारे पटेल, दोघेही आपल्यासमोर आहेत. एक मंत्री होते, लोकांना जबाबदार. दुसरे एका संस्थेचे प्रमुख होते. पद बदलले की कर्तव्यही बदलते का, याचा विचार तुम्ही करा. आम्ही उत्तर सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र आकड्यांत सांगता येते. १९७८ साली रद्द झालेल्या नोटा सामान्य माणसाने क्वचितच पाहिल्या होत्या. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा मूल्याच्या हिशेबाने चलनातील ८६ टक्के नोटा त्यात आल्या आणि त्या रांगांत तुमच्या-आमच्या घरचे लोकही उभे होते. त्यांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक नोटा बँकांत परत आल्या, असे रिझर्व्ह बँकेनेच पुढे जाहीर केले. काळा पैसा नोटांच्या रूपात थांबून राहत नाही, हे पटेलांचे १९७८ सालचे म्हणणे या आकड्याशेजारी ठेवून वाचावे.

महागाईची दोन वर्षे

पटेलांच्या कारकिर्दीतला सर्वांत कठीण काळ १९७९ ते १९८१ हा. १९७९ साली मोठा दुष्काळ पडला. त्याच वेळी इराणमधील क्रांतीनंतर जगात खनिज तेलाचे भाव भडकले. घाऊक किमती १९७९-८० मध्ये सुमारे १७ टक्क्यांनी आणि १९८०-८१ मध्ये सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या. याचा अर्थ लक्षात घ्या. १०० रुपयांचा माल वर्षाअखेर ११७ रुपयांना आणि दुसऱ्या वर्षाअखेर १३८ रुपयांना! ज्या घरात पगार ठरलेला, त्या घरातली बचत अशी वितळते. ज्या आजोबांच्या डबीतून त्या दोन नोटा आल्या, त्यांनी हीच वर्षे पगारावर काढली होती. नोट तीच राहते, तिच्यावरची सही तीच राहते. पण तिच्यात येणारे तेल आणि तूरडाळ कमी होते.

अशा वेळी रिझर्व्ह बँकेने पैसा आवळायचे धोरण ठेवले. जुलै १९८१ मध्ये बँक दर ९ टक्क्यांवरून १० टक्के करण्यात आला. पण तेल परदेशातून आणायचे तर डॉलर हवेत आणि ते कमी पडू लागले होते. भारताने नाणेनिधीकडे मोठे कर्ज मागितले. नोव्हेंबर १९८१ मध्ये ५ अब्ज एस.डी.आर.ची मदत मंजूर झाली. एस.डी.आर. हे नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे. निधीच्या इतिहासात तोवर कोणत्याही देशाला एवढी मोठी मदत मंजूर झाली नव्हती. हे कर्ज मिळवण्यात गव्हर्नर पटेलांचा मोठा वाटा होता. आपण देश गहाण टाकत आहोत, अशी टीका देशात झाली. पुढे १९८४ साली भारताने शेवटचा हप्ता न उचलताच हा करार संपवला. ५ अब्जांपैकी ३.९ अब्ज एवढीच रक्कम घेतली. गरजेला कर्ज घ्यावे, गरज सरली की हात आखडावा, हे आपल्या घरातही चालते.

याच काळात आणखीही कामे झाली. १९७८ साली सरकारच्या वतीने सोन्याचे लिलाव झाले, एप्रिल १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि जुलै १९८२ मध्ये शेती व ग्रामीण पतपुरवठ्यासाठी नाबार्ड ही स्वतंत्र संस्था निघाली. १५ सप्टेंबर १९८२ रोजी पटेल पदावरून निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले डॉ. मनमोहन सिंग. तेही केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांचीही सही दोन्ही प्रकारच्या नोटांवर आहे.

पुन्हा शिक्षणाकडे आणि पुन्हा बडोद्याला

एवढी पदे भूषवल्यावर पटेल शिक्षणक्षेत्रात परतले. दोन वर्षे ते अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे संचालक होते. १९८४ ते १९९० या काळात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिक्षण सुरू केल्यानंतर, पुढे ज्या संस्थेतून डी.एस्सी. मिळवली, ती हीच संस्था. तिच्या प्रमुखपदी एक भारतीय बसला, तोही बडोद्याचा.

लंडनला असताना १९८६ साली त्यांनी केंब्रिजमध्ये एक व्याख्यान दिले. उद्योगांवरील परवाना पद्धतीची होळीच करावी, असे त्यांनी त्यात मांडले. ज्यांनी आयुष्याची बरीच वर्षे त्याच व्यवस्थेत काम केले, त्यांनी असे म्हणणे सोपे नव्हते. अनुभव वाढला की मत तपासावे, ते बदलले तर उघड सांगावे, हेही अर्थशास्त्रज्ञाचे कामच आहे.

१९९१ साली देशाच्या गंगाजळीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते. नवे पंतप्रधान नरसिंह राव यांनी अर्थमंत्रिपदासाठी आधी पटेलांना विचारले. पटेलांनी नकार दिला. ते बडोद्याला राहायला आले होते. मग ते पद मनमोहन सिंगांकडे गेले आणि त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पाबरोबर परवाना पद्धत बहुतांशी मोडीत निघाली. त्याच वर्षी पटेलांना पद्मविभूषण मिळाले.

१७ जुलै २००५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

अर्थशास्त्र घेऊन पुढे काय?

हा लेख लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. दहावीनंतर पालक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "सायन्स नाही तर कॉमर्स, म्हणजे निदान हिशेबाची नोकरी तरी लागेल. नुसते अर्थशास्त्र घेऊन मूल करणार काय?" प्रश्न चुकीचा नाही. पोटाचा विचार करावाच लागतो. पण माहिती पुरी असावी.

अर्थशास्त्राकडे जायचे असेल तर पहिली गोष्ट म्हणजे गणित सोडू नका. आज पदव्युत्तर अर्थशास्त्र गणित आणि संख्याशास्त्र यांवरच चालते. आपल्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभाग आहे. पुण्यात १९३० साली स्थापन झालेली गोखले संस्था आहे, दिल्लीत दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे. एम.ए. झाल्यावर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय अर्थसेवेची परीक्षा देता येते. रिझर्व्ह बँकही आपल्या संशोधन विभागासाठी अर्थशास्त्राच्या पदवीधरांची परीक्षा घेऊन अधिकारी नेमते.

दुसरी गोष्ट भाषेची. आपण येथे घरी मराठी, बाजारात गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी असे बोलतो. काही पालकांना हे ओझे वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. नोटेवरच्या भाषांच्या चौकटीत मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत. जो मुलगा मांडवीच्या भाजीवालीशी गुजरातीत भाव करतो आणि घरी येऊन आजीला मराठीत हिशेब देतो, तो भाव का वाढला हे दोन भाषांत समजावून सांगायला शिकत असतो.

सगळे गव्हर्नर होणार नाहीत, व्हायलाही नको. पण पुढच्या वेळी नोट हातात आली की खर्च करण्याआधी क्षणभर सही पाहा. त्या सहीमागे एक वचन असते आणि ते वचन पाळण्यासाठी कोणीतरी आकडेमोड करत बसलेले असते.

स्वाध्याय

१. एक रुपयाची नोट आणि दहा रुपयांची नोट यांच्यावर वेगवेगळ्या अधिकाऱ्यांच्या सह्या का असतात?
२. राखीव भाग २५ टक्के केला तर १०० रुपयांच्या ठेवीतून एकूण किती रुपयांच्या ठेवी उभ्या राहतील? पायऱ्या लिहून दाखवा.
३. घरातील मोठ्यांना विचारा : त्यांना आठवणारा तांदळाचा, तेलाचा आणि साखरेचा सर्वांत जुना भाव कोणता? तो कोणत्या वर्षीचा? आजच्या भावाशी तुलना करा.
४. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैसे झाला, तेव्हा फायदा कोणाचा झाला आणि तोटा कोणाचा? प्रत्येकी दोन उदाहरणे द्या.
५. वर्गात चर्चा करा : वरिष्ठांचा निर्णय पटत नसेल तर संस्थेच्या प्रमुखाने विरोध सांगून काम करावे की पद सोडावे? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन मुद्दे लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे कागदावर लिहून आमच्याकडे द्या. पुढच्या अंकासाठी त्यांचा तक्ता करू. नोटा आणल्यात तर जपून आणा आणि आजोबांना परत नेऊन द्या!